एकोणीस नंबरचा सेंट

सेंटच्या कारखान्यात काम केलं की वासाबरोबर किस्सेही अंगाला चिकटून घरी येतात. ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात लॅब असिस्टंट होतो. नोकरी सोडून जमाना झाला, पण जुने मित्र भेटले की कामतसाहेबांचा विषय निघतोच.

कामतसाहेब आमचे केमिस्ट. मुलुंडचे, पन्नाशीचे, एकटे. आयुष्यभर शेठच्या सांगण्यावरून परदेशी सेंटच्या नकला केल्या. "रिटायर व्हायच्या आधी एक तरी बाटली माझ्या डोक्यातली निघू दे," एवढंच त्यांचं मागणं. शेठ एकदाचे तयार झाले, पण अट घातली. सकाळी लावलेला सेंट संध्याकाळी पाचलाही त्यांना आवडला पाहिजे.

*

साहेबांना हवं होतं ते ऐकायला सोपं होतं. लावताच संत्र्याचं साल सोलल्यासारखा ताजेपणा, तासाभरात मोगरा, दुपारनंतर नुसतं चंदन. कागदाच्या पट्टीवर ते छान जमायचं. "कागदाला घाम येत नाही," साहेब म्हणाले, आणि आमची मनगटं कामाला लागली.

*

पहिलं मनगट माझं. दहाला संत्रं एकदम झकास. बाराला साहेबांनी हुंगलं आणि शांतपणे विचारलं, "लसूण फार खातोस का रे?" मी खरं ते सांगितलं आणि बाद झालो.

मग स्टोअरचे जोशी. त्यांना दर अर्ध्या तासाने हात धुवायची सवय. मोगऱ्याच्या आधी साबणाचाच नंबर लागायचा.

*

उरल्या पॅकिंगच्या सावंतबाई. चाळिशीच्या, घाटकोपरला भावाकडे राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या हातावर सगळं जवळजवळ ठरल्या वेळी यायचं. साहेब दर दोन तासांनी पॅकिंगच्या टेबलापाशी जायचे, मनगट हुंगायचे, वहीत लिहायचे.

"कसं वाटतंय?"

"माका काय कळना नाय, पण बरा वाटता."

साहेब तेही वहीत लिहायचे.

*

चाचणीच्या दिवशी गजरा मना होता. एकदा बाई विसरून माळून आल्या. संत्र्याच्या वेळी, सकाळी दहालाच मोगरा आला म्हणून साहेब चक्रावले, मग त्यांचं लक्ष बाईंच्या केसांकडे गेलं. आता बाईंची वाट लागली, असं मला वाटलं. साहेबांनी त्या दिवसाचं पान कोरं ठेवलं, पण गजरा काढायला सांगितलं नाही.

*

असे आठ महिने गेले आणि एकोणिसावं मिश्रण जमलं. शेठ बायकोला घेऊन आले. सकाळी साहेबांनी दोघांच्या हाताला सेंट लावला. संध्याकाळी पाचला दोघं परत आले, तेव्हा शेठच्या हाताला आंबट वास येत होता आणि शेठाणींच्या हाताला काहीच नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. मला राहवेना. मी धावत जाऊन सावंतबाईंना घेऊन आलो. त्यांनाही सकाळी तोच सेंट लावला होता, आणि त्यांच्या हातावर सुरेख चंदन होतं. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. आठ महिने थेंबाथेंबाने बदलत साहेबांनी तो सेंट एकाच हातावर बसवला होता!

शेठ वैतागले. "कामत, हे मी विकू कोणाला? मुंबईत अशा सावंतबाई आहेत किती?"

साहेबांनी बाटलीला बूच लावलं, ती बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "एकच."