तिला पाणी का नको होतं

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला जोडीजोडीनं एक सामाजिक प्रश्न घेऊन स्लाइड करायच्या होत्या. पहिली येणारी जोडी बीदरला जिल्हा स्पर्धेला जाणार होती, आणि मला बीदरला जायचंच होतं. माझ्या वाट्याला आली मुडबीहून पहाटेच्या बसनं येणारी एक अबोल मुलगी. विषय मीच ठरवला: मुली शाळा मधेच का सोडतात. स्लाइडही मीच ठोकल्या. गरिबी, लांबची शाळा, आईबापाचं अज्ञान, आणि शेवटी इंटरनेटवरून उचललेला शेळ्या राखणाऱ्या पोरीचा फोटो. बोलायचं तिनं, कारण तिचं कन्नड माझ्यापेक्षा खणखणीत.

तीन दिवस आम्ही कम्प्युटरच्या खोलीत बसलो. मी पाण्याची बाटली पुढं केली की ती मान हलवायची. चहा आणला, तोही नको. आम्ही बौद्ध, ती शेतकऱ्याच्या मोठ्या घरातली. लहानपणापासून जे पाहिलं होतं तेच मला दिसलं, आणि तिसऱ्या दिवशी माझी सटकली.

"माझ्या हातचं चालत न्हाई व्हय तुला?"

डोळे भरले तिचे. "काय बी काय बोलायलास? घरचं बी पीत न्हाई मी. घरी जाईपर्यंत थेंब न्हाई. मुलींच्या संडासला कुलूप हाय. चावी हापिसात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण माझा स्वभाव! लगेच म्हणालो, "मग मागायची की!"

"तू मागून बघ."

गेलो. ऑफिसात क्लार्क आणि तीन सर चहा पीत होते. म्हणालो, "मुलींच्या संडासची चावी पायजे."

"कुणाला लागलीया?" क्लार्कनं भर खोलीत विचारलं आणि सगळे हसले. माझे कान तापले. तिच्याकडं बोट दाखवणं मला जमेना. फोटो काढायचाय, असं काहीतरी पुटपुटून मी रिकाम्या हातानं परत आलो. मी पुरुष, आणि माझी ही गत.

शेळीवाली पोरगी काढून टाकली, तिथं कुलपाचा फोटो घातला. ती म्हणाली, "काढ ते. सगळे माझ्याकडंच बघतील." मी म्हणालो, पुन्हा एकदा म्हण, काढतो. ती पुढची स्लाइड वाचायला लागली. फोटो राहिला.

स्लाइड दाखवायच्या दिवशी प्राचार्य पहिल्या रांगेत होते. पडद्यावर कुलूप आलं आणि मागं खसखस पिकली. ती थांबली. मला वाटलं, संपलं सगळं. मग ती स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली, "आज सकाळपासून पाणी न पिलेल्यांनी हात वर करा." आणि स्वतःचा हात वर केला.

कुणीच हलेना. तिचा हात तेवढा वर. खरं सांगतो, मला मान वर करवेना. मग मागून एक हात आला, मग दोन, मग मुलींच्या अख्ख्या रांगा. आणि गुण द्यायला बसलेल्या आमच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

प्राचार्य वळले. "तुम्ही सुद्धा?"

"अकरा वर्षं झाली, सर," बाई म्हणाल्या.

बीदरला दुसरीच जोडी गेली. कुलूप मात्र त्याच दुपारी निघालं, आणि सगळ्यांत आधी आत बाई गेल्या.