कच्च्या पोरांची सुट्टी

"उभ्या राहा मॅडम," शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले. मी उभी राहिले.

तेलुगू राज्यातल्या आमच्या मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, सगळ्या सरकारी शाळांच्या शिक्षकांची बैठक होती. साठ-सत्तर माणसं. पडद्यावर तिसरीच्या वाचनचाचणीचा निकाल. सगळ्यात खाली, लाल रंगात, आमची शाळा. साहेबांनी तिसरीचा तेलुगू उतारा माझ्या हातात दिला. मग खिशातून फोन काढला आणि एक मिनिट लावलं.

"चदवंडी." वाचा.

चौदा वर्षं नोकरी झालेली बाई मी. मराठी माध्यमाची शिक्षिका. तेलुगू मला येतं. बाजारात, ऑफिसात अडत नाही. पण त्या दिवशी अडलं. एका जोडाक्षरावर थांबले. पुन्हा मागून सुरुवात केली. मागून कोणीतरी खुसखुसलं, मग हसू सगळ्या खोलीत पसरलं. मिनिट संपलं तेव्हा मी चौथ्या ओळीवर होते.

साहेब हिंदीत बोलले, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. "कोटे से आए तो ऐसाच होता. टीचर को नहीं आता, बच्चों को क्या आएंगा?"

खाली बसा असं ते म्हणाले नाहीत. पुढच्या शाळेचं नाव घेतलं, तरी मी उभीच. चहा आला तेव्हा बसले, कारण चहा वाटणाऱ्याला माझ्यामुळे पुढं जाता येईना.

कोट्यातून आले हे खरंच आहे. आई-बाप दुसऱ्याच्या शेतात राबले, मी परीक्षा देऊन आले. त्याची लाज मला तेव्हा वाटायला नको होती. पण वाटली. डोळे भरले, आणि त्या डोळे भरण्याचाच मला जास्त राग आला.

आमचे हेडसर माझ्या शेजारीच होते. शाळेत आम्ही दोघंच, पाच वर्गांना दोघं. किराणा दुकानवाल्यांच्या घरातला, गोड बोलणारा माणूस. बैठकीत त्यांनी मान वर केली नाही. इचोड्याच्या थांब्यावर उतरलो तेव्हा तोंड उघडलं.

"तुमाले सांगतलं होतं मॅडम. त्या चार पोरांयले घरी ठेवा. काऊन नाई ठेवलं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

हे काय आहे ते सांगते. चाचणीच्या दिवशी बाहेरून एक माणूस फोन घेऊन येतो. एकेका पोरापुढं उतारा धरतो, मिनिट मोजतो, किती शब्द आले ते भरतो. जे पोर गैरहजर, त्याचा हिशोब धरत नाहीत. ही फट सगळ्या शाळांना माहीत आहे. म्हणून आदल्या दिवशी कच्च्या पोरांना सांगायचं, उद्या सुट्टी. पक्की पोरं वाचतात, शाळा वर येते, साहेब खूश. याला कोणी लबाडी म्हणत नाही. याला नियोजन म्हणतात.

मीही केलं आहे. दोन वर्षं केलं. मागच्या वर्षी आमची शाळा मंडलात तिसरी आली. हेडसरांच्या खांद्यावर शाल पडली आणि माझ्या हातात गुलाबाचं फूल. त्याच साहेबांच्या हातून.

कच्ची पोरं कोणती, हे विचारायची गरज नसते. पटावर आडनावं वाचली तरी कळतं. कापूस वेचणीला आईबरोबर जाणारी. दोन महिने शाळेला मुकून परत येणारी. माझ्या वर्गात अशी चार. त्यातली एक पुष्पा. मागच्या वर्षी ती दुसरीत होती; चाचणी दुसरीचीही असते.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः तिच्या घरी गेले. आईला म्हटलं, उद्या सुट्टी आहे. आई म्हणाली, "बरं बाई." माझ्यासाठी तिनं बाज टाकली. चहा केला. तो चहा मी प्याले.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्पा आली. हजेरी झाल्यावर टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, काल आमालेच सुट्टी होती काय?"

मी म्हटलं, "जागेवर बस."

ती बसली. पोरगी भांडली असती, रडली असती, तर मी काहीतरी थाप मारली असती. तिनं फक्त विचारलं आणि बसली. तिला उत्तर माहीत होतं. मलाही माहीत होतं. लहानपणी आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे, तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांना गुरुजी सरपण आणायला पाठवायचे. साहेबांचं जेवण त्याच सरपणावर शिजायचं. एकदा मी मोळी टाकून खिडकीतून आत पाहिलं होतं. गुरुजींनी डोळे वटारले. त्या गुरुजींना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. आणि पुष्पाच्या आईचा चहा पिऊन मी तेच केलं. गुरुजी निदान आमच्या जातीचे नव्हते. माझ्याकडं तेवढीही सबब नाही.

म्हणून या वर्षी चौघांना बसवलं. तिसरीची अकराच्या अकरा पोरं हजर. पुष्पानं मराठीचे नऊ शब्द वाचले. तेलुगूचा एकही नाही. फोनवाल्यानं दोनदा विचारलं, "एकही नाही?" ती खाली बघत राहिली. निकाल लागला आणि मला उभं केलं गेलं.

सत्याचा विजय वगैरे काही झालं नाही. कोणाचं डोकं ठिकाणावर आलं नाही. पुष्पा अजून वाचत नाही. मी शाळा सुटल्यावर तिला अर्धा तास बसवते, पण अर्ध्या वेळा तिला धाकट्या भावाला सांभाळायला घरी पळावं लागतं. मला खोटं बोलायचं नाही: ती यंदा वाचायला लागेल असं मला वाटत नाही. कदाचित कधीच लागणार नाही. पाच वर्गांना दोन माणसं, त्यातलं एक दिवसभर फोनवर माहिती भरतं.

पुढच्या आठवड्यात तळाच्या शाळांची फेरचाचणी आहे. परवा हेडसरांनी कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. ज्यांना घरी ठेवायचं त्यांची नावं मी लिहायची. अक्षर माझं हवं, म्हणजे उद्या काही झालं तर ते मोकळे.

"मी लिहीत नाही," मी म्हटलं.

"शाळा बंद होईन मॅडम. पोरं कमी, निकाल खराब. दुसऱ्या शाळेत घालतीन. तुमाले उटनूरकडं जंगलात टाकतीन."

"टाकू द्या."

"पोरांयचं काय भलं करून राह्यल्या तुमी? उलटी बेइज्जती होते त्यायची."

 होते, बेइज्जती होते. एकही नाही, असं अनोळखी माणसानं मोठ्यानं म्हणणं, ही बेइज्जतीच आहे. पण तिला मोजायलाच नको म्हणून दाराबाहेर ठेवणं, ही बेइज्जती मी माझ्या हातानं करत होते. पहिल्या बेइज्जतीचं उत्तर सरकारनं द्यावं. दुसरी माझी होती.

कागद कोराच परत दिला. संध्याकाळी पुष्पाच्या घरी गेले. तिच्या आईला सांगितलं, मागच्या वर्षी मी खोटं बोलले होते.  या खेपेला ती बसा म्हणाली नाही. चहाही नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभी होते आणि ते बरोबरच होतं. जाता जाता एवढंच सांगितलं, त्या दिवशी हिला पाठवा.

साहेबांनी पुन्हा उभं करावं. करतील. मी उभी राहीन, आणि या वेळी पुष्पाचं शून्य मी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवीन, कोणत्या वर्गाला किती मास्तर आहेत तेही सांगीन. शाळा बंद करायची असेल तर करा. पण कुलूप घेऊन याल तेव्हा माझ्या वर्गातली अकराच्या अकरा पोरं आत बसलेली असतील, आणि दारात मी.