काकूचा आवाज मी ऐकवला

हे मी कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि माझा धंदा काय, तर बोलण्याचा! मलकापुरात राहते, कॉलेजात भाषा शिकवते. कुठल्या भाषेच्या माणसाच्या तोंडात अक्षरं कशी बसतात, हा माझा अभ्यास.

माझी काकू जतकडची, कानडी घरातली. कानडी जिभेला शब्दाचा शेवट स्वरावर टेकवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून ती 'बस्सु' म्हणते, 'ग्लासु' म्हणते. आमच्या बायकांना सुरुवातीचं जोडाक्षर जड जातं — माझी आई 'इस्कूल' म्हणते. म्हणजे दोघी सारख्याच की! पण हसले सगळे काकूलाच. लग्नात तिनं उखाणा घेतला आणि अख्खा मांडव हसला. तेव्हापासून चारचौघांत ती तोंडच उघडत नाही. पस्तीस वर्षं झाली.

माझ्यासाठी मात्र ती बोलली. स्वयंपाकघरात, अभ्यासासाठी माझ्या फोनवर रेकॉर्ड करू देत, तासभर. तोच उखाणासुद्धा घेतला — लाजत, हसत. शेजारी तिची सून सुनीता भाजी निवडत होती. "कुणाला ऐकवू नगंस हं," काकू म्हणाली. मी गळ्याची शपथ घेतली.

आणि मग — कसं सांगू? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भावकीतल्या बायका म्हणाल्या, तुझा अभ्यास म्हणजे नेमकं काय गं? एरवी मला कोण विचारतं? मला चेव चढला. काकू आली नव्हती. मी फोन काढला. उखाणाच लावला. बायका पोट धरून हसल्या. मीही हसले — लय हसले.

आठ दिवसांनी एका बारशात कुणीतरी विचारलं, "काकू, च्या ग्लासुत देऊ का कप्पुत?" काकूचा चेहरा पांढराफटक पडला. घरी येऊन तिनं मला जवळ घेतलं. म्हणाली, "तू न्हाईस. तू शिकल्याली हाईस, शपथ मोडायची न्हाईस. ह्ये सुनीतानंच केलं."

मी गप्प बसले.

सुनीता माझ्याकडं आली होती. रडत होती. "वन्सं, मी न्हाई वं काय केलं. तुमीच सांगा की आईस्नी." मी म्हणाले, बघू. मीच ऐकवलं, हे तिला माहीत होतं का? मला वाटतं, होतं. माझ्या डोळ्यांत बघून ती उठली आणि निघून गेली. पुढं वर्षाच्या आत त्या घरात दोन चुली झाल्या. नात अंगणापलीकडं रांगायला लागली, तरी काकू तिकडं बघत नाही.

गेल्या दिवाळीत काकूनं पेटीतलं इरकली लुगडं काढलं. तिच्या आईचं, माहेराहून आणलेलं, सुनेसाठी जपलेलं. माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "इस्वासाचं माणूस तू एकलीच राहिलीस बघ."

मी ते घेतलं. दोनदा नेसलेही आहे.