नगर ते कॅम्प पाच: पप्पांना प्रभुभोजनाला नेलं तो रविवार

शुक्रवारी संध्याकाळी बदलापूरहून आईचा फोन आला. "तुझे पप्पा परवा प्रभुभोजन घेणार नाही म्हणतात. तू ये." एवढं बोलून तिने फोन ठेवला. शनिवारी सकाळी मी गाडीची किल्ली उचलली तेव्हा नवरा म्हणाला, "उल्हासनगरला कोणी फिरायला जातं का?"

या ब्लॉगवर तुम्ही किल्ले आणि समुद्रकिनारे वाचायला येता, त्यामुळे तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल. जातं. मी गेले, आणि एवढ्या प्रवासांमध्ये असा रविवार मला कुठे भेटला नव्हता.

आधी थोडी ओळख करून देते. आम्ही मराठी ख्रिस्ती. पप्पा तरुणपणी नगरकडच्या खेड्यातून अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत लागले. बुवापाड्यात खोली घेतली. तिथल्या आणखी काही कामगार कुटुंबांना जमवून त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये भाड्याच्या गाळ्यात मंडळी सुरू केली. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रत्येकाला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट देतात. ते न घेता नुसतं बसून राहणं म्हणजे मंडळीशी अबोला धरण्यासारखंच आहे.

आजवर तिथले सगळे पाळक पुरुष होते. या महिन्यात पहिल्यांदा एक स्त्री आली. तीही परकी नाही, बुवापाड्यातलीच प्रीती. संडे स्कूलमध्ये माझ्या आईच्या हाताखाली शिकलेली. रविवारी ती पहिल्यांदा प्रभुभोजन देणार होती आणि ज्यांनी मंडळी उभी केली ते माझे वडील हाताची घडी घालून बसणार होते. मला हे चालणार नव्हतं.

नगरहून माळशेजमार्गे आलात तर आळेफाट्याला मिसळ खा. तिथे थांबलं नाही तर पुढे मुरबाडपर्यंत धड काही मिळत नाही. फेब्रुवारीत घाट कोरडा ठणठणीत असतो, धबधब्यांचे फोटो काढायला येऊ नका. पण रस्ता दिसतो, धुकं नसतं, आणि एसटीवाले मागून हॉर्न मारतात तेवढाच त्रास. मुरबाडहून मी कल्याणचा रस्ता सोडून बारवी धरणाच्या बाजूने बदलापूरला उतरले. झाडी छान आहे. फोनची रेंज मात्र मधूनमधून जाते, म्हणून हा रस्ता दिवसाच करावा. रेंज गेली तेव्हा पप्पांना काय काय सुनवायचं याची मी मोठ्याने तालीम केली. रस्त्यावर माकडं सोडून ऐकायला कोणी नव्हतं.

तालमीचा काही उपयोग झाला नाही. चहाचा कप हातात येताच पप्पा म्हणाले, "आईने बोलावलं तुला. मला ठाऊक आहे. मी येणार आहे, बसणार आहे. घेणार नाही."

"का?"

"आम्ही पाचजणांनी ठरवलंय. मंडळीचे जुने पंच आहोत आम्ही. शब्द दिलाय एकमेकांना."

"पण का, पप्पा? शास्त्रात लिहिलंय म्हणून?"

"शास्त्र तू मला शिकवू नको." मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "करुणा, त्या मुलीचं नाक पुसलंय मी. माझ्या खांद्यावर बसून नाताळचा कार्यक्रम बघायची. आता तिच्यासमोर गुडघे टेकू?"

"तिच्यासमोर नाही, प्रभूसमोर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको."

"मी मध्ये नाही, आत आहे," आई म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली. त्या रात्री आम्ही तिघे लवकर जेवलो. मी मनाशी पक्कं केलं होतं, उद्या यांना नुसतं दारापर्यंत सोडायचं नाही, पहिल्या रांगेत नेऊन बसवायचं. पुढचं प्रभूने बघावं.

रविवारी लवकर निघालो. बदलापूरहून अंबरनाथ गाडीने जवळ आहे, पण सकाळीसुद्धा रिक्षा आणि कंपन्यांच्या बसेस मधे घुसतात, तेव्हा हातात वेळ ठेवा. वेळ असेल तर अंबरनाथचं जुनं शिवमंदिर जरूर बघा. काळ्या दगडावरचं कोरीवकाम लहानपणी मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, अजूनही तिथून जाताना मान वळतेच. आम्ही थांबलो नाही, कारण पप्पांनी मधेच गाडी बुवापाड्याकडे घ्यायला सांगितली.

त्यांची खोली होती तिथे आता इमारत आहे. पप्पा खाली उतरलेसुद्धा नाहीत, काच खाली करून बघत राहिले. "तिकडे कोपऱ्यात प्रीतीच्या आईची खोली होती. तिची खोली मोठी, म्हणून पहिली प्रार्थनासभा तिथं भरायची. पाळकसाहेब नगरहून यायचे, कधी यायचे नाहीत. मग तीच प्रार्थना करायची, आम्ही सेकंड शिफ्ट करून आलेले, डोळे मिटून बसायचो. कितीजण झोपायचे पण."

"म्हणजे बाईच चालवायची की!"

"ते घर होतं. ही मंडळी आहे," पप्पा म्हणाले आणि काच वर केली.

मी गाडी वळवली. आई मागच्या सीटवर माझ्याकडे बघून हसत होती. आरशात दिसलं मला.

कॅम्प पाच अंबरनाथला लागूनच आहे. कुठे एक शहर संपतं आणि दुसरं सुरू होतं ते दुकानांच्या पाट्या वाचूनच कळतं. गाडी मोठ्या रस्त्याला लावा, आत गल्लीत नेलीत तर निघायला अर्धा दिवस जाईल. आणि उल्हासनगरला येऊन दालपकवान न खाता परत जायचं नाही. कुरकुरीत पकवान, वर चणाडाळ, चिंचेची चटणी, कांदा. शंभराच्या नोटेत दोघांचा नाश्ता होतो. दुकानदार सिंधी काका, आमच्या कपड्यांकडे बघून म्हणाले, "क्या साहब, लग्न आहे काय?"

"नाही, चर्चला चाललोय," मी म्हटलं.

"अच्छा, वो मॅडम फादर के यहाँ! अरे बहोत अच्छी बाई है. परवा आली होती, बोली काका, तिखट जास्ती डालो."

पप्पांना ठसका लागला. आई पाणी देता देता हसून बेजार झाली. आमच्या मंडळीत या बाईंना हाक काय मारायची यावर त्या येण्याआधीपासूनच खल चालला होता. 'पाळकबाई' म्हणजे आमच्याकडे पाळकांची बायको, त्यामुळे तो शब्द आधीच गेलेला. 'पाळकसाहेब' म्हणायला जीभ वळेना. आणि इथे काकांनी डाळ वाढता वाढता प्रश्न सोडवून टाकला होता.

चर्चच्या दाराशी प्रीतीचा नवरा उभा होता. एका आजोबांनी सवयीने त्याच्यापुढे हात जोडले, "पाळकसाहेब, सलाम." तो म्हणाला, "सलाम. पण पाळक आत आहेत. मी चपलांची रांग लावतो." त्याच्या चेहऱ्यावर कसलंही अवघडलेपण नव्हतं. मला तो माणूस फार आवडला.

हॉल लहान आहे, वर पत्रा, भिंतीला लागून जीन्स शिवायचा कारखाना. त्याच्या मशिनी रविवारीही चालू असतात. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. पुरुषांच्या पहिल्या रांगेत ते पाच पंच, मधोमध पप्पा. मी आईजवळ तिसऱ्या रांगेत बसले. पेटी आणि ढोलकी सुरू झाली, सगळे उठून गायला लागले, मीही. गेले कित्येक महिने मी नगरला घरीच सोफ्यावर बसून फोनवर उपासना बघत होते. गाडी चालवून थकते, आठवड्याची कामं असतात, कारणं भरपूर. संदेश, म्हणजे पाळकांचं प्रवचन, फोनवरही तोच ऐकू येतो. पण शेजारच्या बाईचा सूर चुकला तर तो सांभाळून घ्यायला आपला आवाज वाढवावा लागतो, हे मी विसरूनच गेले होते.

प्रीती पांढऱ्या झग्यात उभी राहिली. आवाज खणखणीत होता. संदेश साधा होता, फार लांब नव्हता. मग भाकर मोडून ती म्हणाली, "या."

कोणी उठलं नाही.

हे नीट समजून घ्या. आमच्याकडे आधी पुरुष उठतात, पुढच्या रांगेपासून. ते घेऊन परतले की बायका. कुठे लिहिलेलं नाही, कोणी ठरवलेलंही नाही, पण माझ्या जन्मापासून हे असंच आहे. पुढचे पाच उठेनात, म्हणून मागची तरुण मुलं वडीलधाऱ्यांना ओलांडून जाईनात. पुरुष उठेनात म्हणून बायका बसून. यातल्या बहुतेकांना ते प्रभुभोजन हवं होतं. निव्वळ रीतभात पाळत अख्खी मंडळी अडकून पडली होती. प्रीती ताट धरून उभी, आणि भिंतीपलीकडून मशिनींची घरघर. मला उठायचं होतं. देवाशपथ सांगते, पण उठले नाही. माळशेज घाटात माकडांना भाषण देणारी मी, तिथे गारठून बसले होते.

तेवढ्यात आई बोलली. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात.

"पाळक, माझे गुडघे वळत नाहीत. मला इथंच आणून द्याल का?"

प्रीतीने क्षणभर आईकडे पाहिलं. मग ताट घेऊन ती वेदीच्या पायरीवरून खाली उतरली आणि पुरुषांच्या रांगा सोडून बायकांच्या बाजूला आली. त्या मंडळीतला तो पहिला तुकडा, पहिल्या स्त्री पाळकांनी दिलेला, एका बाईच्या हातात पडला. ना फोटो काढायला कोणी होतं, ना बातमी द्यायला. आईने नेहमीसारखे डोळे मिटून खाल्ला. मला वाटतं इतिहास वगैरे तिच्या मनातही नव्हतं. गुडघे खरंच दुखत होते.

मग मी उठले. माझ्या मागे सगळ्या बायका. त्यांच्या मागोमाग तरुण मुलं. पंचांपैकी एकजण खाली मान घालून गेला. चौघे बसून राहिले. पप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते. आईने प्रभुभोजन घेतलं होतं आणि त्यांनी नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

शेवटी ताट झाकण्याआधी पाळक विचारतात, "कोणी राहिलं आहे का?" बाळाला घेऊन बाहेर गेलेली एखादी आई असते, तिच्यासाठी. उत्तर सहसा येत नाही. प्रीतीनेही विचारलं, कोणाकडे न बघता.

"मी राहिलोय," पप्पा म्हणाले.

ते उठले. शर्टाची बटणं चाचपली, एकटेच चालत पुढे गेले आणि गुडघे टेकले. प्रीतीने त्यांच्या हातावर तुकडा ठेवला. मी रडत होते, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसलं नाही. त्यांच्यामागून आणखी एक पंच उठला. उरलेले दोघे उठले नाहीत.

ते दोघे नंतर चहालाही थांबले नाहीत. त्यातल्या एकाबरोबर पप्पांनी आयुष्यभर एकाच शिफ्टमध्ये काम केलं होतं. पप्पांनी हात पुढे केला, तो न घेता ते गृहस्थ चपला घालून निघून गेले. आम्ही गाडीत बसलो. अंबरनाथ मागे पडलं तेव्हा पप्पा म्हणाले, "शब्द मोडला मी."

"मग उठलात कशाला?" मी विचारलं.

"तिने विचारलं ना, कोणी राहिलंय का म्हणून. खोटं कसं बोलू? राहिलो होतो."

आईने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो बदलापूर येईपर्यंत काढला नाही.

सोमवारी दुपारी मी नगरला घरी पोचले. नवऱ्याने विचारलं, काय काय बघितलंस? दालपकवान सांगितलं, बारवीची झाडी सांगितली, मग बाकीचं सांगायला संध्याकाळ गेली. तुम्ही तिकडे गेलात तर तुम्हाला एक लहान हॉल दिसेल, वर पत्रा, बाहेर चपलांची सरळ रांग. आत बसलात तर कोणी हटकणार नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर सोफ्यावरची उपासना बंद झाली आहे. फोन कधी विचारत नाही, कोणी राहिलं आहे का.

नगरच्या आमच्या मंडळीतही आधी पुरुष आणि मग बायका. पुढच्या पहिल्या रविवारी पाळकांनी "या" म्हटलं की मी उठणार आहे, रांग संपायची वाट न बघता. काल फोनवर हे पप्पांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं.

ते म्हणाले, "सावकाश उठ. तावातावाने गेलीस तर लोक भांडायला आली म्हणतील. तिथं तावात जायचं नसतं."

ठीक आहे, पप्पा. सावकाश उठेन. पण उठेन.