इतर उपयोग असल्यास लिहावे

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण या गोष्टीत जे बिघडलं ते माझ्या इंग्रजीमुळे बिघडलं, म्हणून मराठीत लिहिते आहे. बाबांना वाचून दाखवायला सांगा. वाचताना मधली वाक्यं गाळायची त्यांची लहानपणापासूनची सवय आहे, तेवढं लक्ष ठेवा.

इथे हिंगोलीत सकाळी दहापर्यंत माझी सगळी कामं आटोपतात. पेपर वाचून होतो, कोडं सुटतं, पोळ्या झाकून ठेवलेल्या असतात. त्यानंतर संध्याकाळचा दिवा लावेपर्यंतचा वेळ बराच लांब असतो. तुमचे आजोबा कोर्टातून निवृत्त झाल्यावरही लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि पक्के करण्याआधी माझ्यापुढे ठेवायचे. मी लाल पेनाने तपासायची, ते कुरकुरत पुन्हा लिहायचे. ते गेल्यापासून घरात तपासायला काही येत नाही. लाल पेन वाळला तेव्हा मी नवीन आणला नाही.

त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर आमच्या भागातले केंद्रप्रमुख काम घेऊन आले, तेव्हा मी त्यांना चहा विचारण्याआधीच हो म्हणून बसले. केंद्रप्रमुख म्हणजे दहाबारा सरकारी शाळांवर लक्ष ठेवणारे अधिकारी. हे माझ्याच हाताखाली दहावीला इंग्रजी शिकलेले, अजून मला बाई म्हणतात. काम असं होतं. पुण्याच्या एका संस्थेने आसपासच्या शाळांना मोठे पडदे, कॅमेरा आणि इंटरनेट दिलं होतं. दोन वर्षं झाली, आता त्यांना शाळांचा अभिप्राय हवा होता. त्यांनी आधी मोबाइलवरून फॉर्म पाठवला होता. सगळ्या शाळांची उत्तरं एकाच संध्याकाळी आली आणि सगळी सारखी आली. एका गुरुजींनी भरलेला फॉर्म शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला होता, बाकीच्यांनी तो तसाच पुढे ढकलला. मुलांची संख्यासुद्धा सगळ्या शाळांची एकच. संस्थेने मग कागदी फॉर्म छापले आणि शाळेबाहेरचं कुणीतरी शिकलेलं माणूस द्या असं कळवलं.

“बाई, तुमी काही त्यांच्यासारखं करणार न्हाई,” ते म्हणाले. “तुमी मला सात मार्कांनी नापास केलं होतं.”

मी सहा शाळांना गेले. जीपने जायचं, उतरून चालायचं किंवा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसायचं. पहिल्याच शाळेत मला इथल्या फॉर्मची रीत कळायला हवी होती. पडद्यावर फुलाफुलांची चादर घातलेली, चादरीवर हळदीकुंकू आणि दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. दुरुस्ती सेवा कशी आहे, या प्रश्नापुढे मुख्याध्यापकांनी ‘उत्तम’ वर खूण केली होती. मी विचारलं, दुरुस्तीला किती वेळा माणूस आला? ते म्हणाले, एकदाही नाही. मग उत्तम कसं? तर म्हणाले, बिघडलाच नाही. बिघडला का नाही, ते चादरीकडे पाहून कळत होतं. यंत्राला काही झालं तर जाब आपल्याला द्यावा लागेल, म्हणून दोन वर्षांत ते कुणी चालूच केलं नव्हतं.

मी खूण खोडायला लावली तेव्हा ते रागावले नाहीत. लहान मुलीला समजवावं तसं मला म्हणाले, “मॅडम, उत्तम लिवलं की कोनी येत न्हाई. चांगलं लिवलं की विचारायला येतेत, काहून फकस्त चांगलं. आन खरं लिवलं तर मंग येतच राहतेत.”

मला हसू आलं. घरी येऊन मी ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं, गंमत म्हणून. त्यांनी मला कामाची गोष्ट सांगितली होती, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

सहावी शाळा गोरेगावच्या पलीकडे, मेंढपाळांच्या एका वस्तीवर. एक खोली, पुढे ओटा, बाजूला हातपंप आणि एकच शिक्षिका. वय तिशीच्या आत, सेनगावहून रोज स्कूटीवर येणारी. गोरेगावच्या स्टँडवरून तीच मला मागे बसवून घेऊन गेली. शाळेच्या दारात थांबली आणि म्हणाली की आज शनिवार आहे, सकाळची शाळा अकराला सुटते, त्याच्या आधी फॉर्म भरून झाला तर बरं.

इथला पडदा उघडा होता. कडेला मुलांच्या बोटांचे ठसे होते. रोज वापरतात हे सांगावं लागत नव्हतं. तिने प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. इंटरनेट पावसाळ्यात जातं, आवाज बारीक येतो, गणिताचे धडे चांगले आहेत, इंग्रजीचे मुलांना कळत नाहीत. मला वाटलं, चला, एक तरी शाळा मिळाली.

अकरा वाजले, शाळा सुटली, पण मुलं उठली नाहीत. उलट दारातून चारपाच म्हाताऱ्या बायका आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. शिक्षिकेने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग नाइलाजाने पडदा चालू केला.

या वस्तीतली माणसं दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात. शेतकरी खतासाठी आपल्या शेतात कळप बसवून घेतात. आज या गावी, उद्या त्या, पार दुसऱ्या जिल्ह्यांपर्यंत. शाळेतली लेकरं आजीजवळ राहतात, आई-बाप पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. दर शनिवारी अकराला ते जिथे असतील तिथे रेंज शोधून, आदल्या दिवशी कुठल्याशा हॉटेलात मोबाइल चार्ज करून तयार राहतात आणि शाळेच्या पडद्यावर दिसतात.

मी ओट्याच्या पायरीवरून बघत होते. मला वाटलं होतं, रडारड होईल. मुलांनी आधी मेंढ्या दाखवायला लावल्या. टिकलीवाली कुठाय, ती व्यायली का, कोकरू दाखव, असं न्हाई, जवळून दाखव. बाप मोबाइल घेऊन काट्याकुट्यातून कोकराच्या मागे पळत होता आणि इकडे सगळी खोली हसत होती. एका म्हाताऱ्या आजीने सुनेला विचारलं की पोळ्या कोण भाजतंय, नवऱ्याच्या हाताला काय झालं. तिसरीतली एक मुलगी मागे उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने पाठ्यपुस्तक उघडून पडद्यासमोर धरलं आणि एक धडा वाचून दाखवला. तिची आई पदराने तोंड झाकून ऐकत राहिली. धडा संपल्यावर मुलगी म्हणाली, पुढच्या शनिवारी दुसरा.

निघताना स्कूटीजवळ शिक्षिका म्हणाली, “मॅडम, शनिवारचं तेवढं लिहू नका.”

मी म्हटलं, “अगं, मी चांगलंच लिहिणार आहे.”

“चांगलंबी लिहू नका.”

मी तिच्या खांद्यावर थोपटलं. वयाने मोठ्या माणसाने थोपटलं की समोरच्याला पुढे बोलता येत नाही, हे मला माहीत होतं.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता: इतर उपयोग असल्यास लिहावे. पाच शाळांचा तो कोरा होता. दोन दिवस मी सहाव्या शाळेच्या त्या रकान्यासाठी बसले. जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला. संस्थेच्या वरच्या लोकांना कळावं म्हणून इंग्रजीत लिहिलं. आधी कच्चं, मग पक्कं. कोकरामागे पळणारा बाप, धडा वाचणारी मुलगी, भिंतीला टेकलेल्या आज्या, सगळं. तुम्हाला खरं सांगते, लिहिताना शिक्षिकेचं बोलणं मला आठवत होतं. मी स्वतःला म्हणत होते की संस्थेला अभिमान वाटेल, आणखी शाळांना देतील. पण आत दुसरंच काही होतं. किती वर्षांनी माझं लिहिलेलं कुणीतरी शेवटपर्यंत वाचणार होतं. मला ते फार हवं होतं. तिसऱ्या वेळी पक्कं केलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचलं. स्वयंपाकघरात, एकटीच.

तीन आठवड्यांनी केंद्रप्रमुखांचा फोन आला. आधी चेष्टा केली, बाई, तुमचं इंग्रजी पार पुण्याला गाजून राहिलं. मग म्हणाले की संस्थेने सगळ्या शाळांना पत्र पाठवलंय. शाळेतून मुलांची दृश्यं बाहेर जाणं धोक्याचं आहे, म्हणून यापुढे त्या जोडणीवर फक्त धडे चालतील, बोलणं बंद. तुमच्या निरीक्षणाबद्दल आभार मानलेत, तुमच्या नावानिशी.

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुमच्या शाळेतही असा नियम असेल. मी त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं, या वेळी मराठीत आणि छोटं. उत्तर आलं की आपली सूचना नोंदवून घेतली आहे, पुढच्या वर्षी विचार होईल. पुढच्या वर्षी ती मुलगी चौथीत जाईल. चौथीनंतर त्या शाळेत वर्ग नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी वस्तीवर गेले. या वेळी गोरेगावहून चालत, कारण गाडीवर घे म्हणायला तोंड नव्हतं. शिक्षिका हातपंपाजवळ उभी होती, तिथेच काय ती मोबाइलला रेंज येते. स्वतःचा फोन तिने व्हिडिओ लावून मुलांना दिला होता. मुलं रांगेत उभी होती. एका कुटुंबाशी बोलणं होईपर्यंत पलीकडे दुसऱ्यांची रेंज जायची, नाहीतर चार्जिंग संपायचं, नाहीतर मेंढ्या पुढे गेलेल्या असायच्या. अर्ध्या मुलांची पाळी आलीच नाही. त्या मुलीची आली नाही. पुस्तक तिने पिशवीत परत ठेवलं आणि पिशवीचा बंद लावायला खूप वेळ घेतला. म्हाताऱ्या बायका ओट्यावर होत्या. त्यांना तिथून फोनमधलं कुणीच दिसलं नव्हतं, नुसता आवाज. त्यांतली एक मला म्हणाली, “बस माय, उन्हात काहून उभी?” तिला माहीत नव्हतं की हे माझ्यामुळे झालं.

शिक्षिकेला माहीत होतं. मुलं गेल्यावर मी सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं की त्यांना अभिमान वाटेल, असं काहीतरी. तिने ऐकून घेतलं.

“मी सांगितलं होतं ना, मॅडम,” ती म्हणाली. एवढंच. मग हजेरीची वही पिशवीत घातली, खोलीला कुलूप लावलं आणि मला गोरेगावपर्यंत सोडते म्हणाली. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

परत येताना जीपमध्ये मी हिशेब मांडला, वर्गात मांडायची तसा. मुलं अकरा, फोन एक. दोन असते तर बहुतेकांची पाळी आली असती. हे इतकं सरळ होतं की मला माझीच लाज वाटली.

आता दर शनिवारी सकाळी साडेआठच्या जीपने मी निघते. फोन रात्रीच चार्ज करून ठेवते, त्यात त्या सगळ्या आई-बापांचे नंबर घेतलेत. हातपंपाच्या एका बाजूला शिक्षिकेची रांग, दुसऱ्या बाजूला माझी. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. रेंज गेली का, पुढचं पोरगं घ्या, असं. पुन्हा कधी गाडीवर घेतलेलं नाही आणि मीही वाट बघत नाही. मुलं फोन घेतात आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहतात. ते बरोबरच आहे. मी भिंतीजवळ जाऊन थांबते, ऐकू येणार नाही इतक्या लांब. फोन परत हातात येतो तेव्हा गरम झालेला असतो.

मागच्या शनिवारी रेंज एका जागी टिकत नव्हती, म्हणून मलाच त्या मुलीच्या मागे उभं राहून, हात वर करून फोन धरावा लागला. तिने पुस्तक उघडलं, दोन पानांचा धडा होता, सगळा वाचला. माझा हात भरून आला पण मी हलले नाही. वाचून झाल्यावर पलीकडून तिच्या आईने विचारलं, ही मागं कोन बाई हाय गं?

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“कोनी न्हाई,” ती म्हणाली. “फोन हाय तिचा.”

तेव्हा, तुम्ही मेलबर्नहून कधीही फोन करता, मला ते आवडतं. रविवारी करा, बुधवारी करा, मी घरीच असते. शनिवारी मात्र आमच्या अकरा ते साडेबाराच्या मध्ये करू नका. मधेच तुमचा फोन आला की त्यांचा तुटतो.