दुधातला दाणा

देवाला हाका मारून घसा कोरडा पडला आणि तरी समोरचा जीव डोळ्यांदेखत विझतच चालला, असं तुमचं कधी झालंय का? माझं झालं होतं. तेही कुणा माणसासाठी नाही, एका मुनिया पाखराच्या पिल्लासाठी. हसू नका हं. इतकी वर्षं लोटली, पण ती दुपार आठवली की अजून छातीत धडधडतं, आणि समोर जो असेल त्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शाळा माझी लवकर सुटली, पुढचं सगळं देवळातल्या पोथ्या वाचूनच शिकले, तेव्हा लिहिण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. आमच्या ह्यांना तिथे काम लागलं आणि मी सोलापूरच्या भर पेठेतून थेट चिंचवडला आले, मोरयाच्या देवळाजवळच्या एका खोलीत. हे सायकलवर टांग टाकून कामावर गेले की घरात मी आणि भिंती. माझं तोंड तर सारखं चालणारं, बोलायचं कुणाशी? ते ओळखून ह्यांनी एकदा पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बाजारातून, एका पाखरंवाल्याकडून मुनियांची जोडी आणली. नर असा लाल, की कुंकवावर तांदळाची कणी सांडावी तसे त्याच्या अंगावर पांढरे ठिपके. पावसाळा सरता सरता त्या जोडीनं पिंजऱ्यात घरटं केलं, अंडी घातली, आणि एक दिवस आतून बारीक चिवचिव ऐकू आली. मी शेजारीपाजारी साखर वाटली!

पण त्या दोघांना काय झालं कोण जाणे, ती घरट्यात जाईनाशी झाली. एक पिल्लू गेलं, मागोमाग दुसरंही गेलं. उरलं ते सगळ्यांत लहान. अंगावर पिसांची नुसती काट्यांसारखी टोकं, मान धरवत नाही, चोच उघडायचंही बळ नाही. मी त्याला कापूस घातलेल्या वाटीत ठेवलं, वाटी चुलीच्या उबेला ठेवली, आणि ह्यांना म्हटलं, अहो, त्या पाखरंवाल्याला विचारून या. तो म्हातारा सिंधी, फाळणीत सगळं सोडून आलेला, मराठी त्याला येत नसे. संध्याकाळी हे येऊन म्हणाले, "तो म्हणतो, दूधवाला दाना दो. म्हणजे दुधातला दाणा द्यायचा."

झालं! मी पाखरांना घालायचे राळ्याचे दाणे घेतले, गाईच्या दुधात भिजवले, आणि कापसाच्या बोळ्यानं ते दूध त्याच्या चोचीत पिळत बसले. दर थोड्या वेळानं पाजायचं, पुसायचं, पुन्हा पाजायचं. आणि पिल्लू सुधारायचं सोडून मलूलच होत चाललं. गळ्याखालची पिशवी फुगली, तिला आंबूस वास यायला लागला. हे म्हणाले, "अगं, जाऊ दे त्याला सुखानं. किती जीव लावशील?" मी तशीच उठले. देवळात गेले आणि मोरयापुढे उभी राहून चांगली भांडले. म्हटलं, तुझ्या दारात राहते, तुझी संकष्टी निर्जळी धरते, आणि एवढंसं पाखरू तुला जड झालं? कोण ऐकतंय तरी का तिथे? खरं सांगते, त्या दिवशी मनात पहिल्यांदाच आलं, की कुणी ऐकत नसेल तर?

दुसऱ्या दिवशीच संकष्टी होती. सवयीनं पहाटे नदीकाठावरून दुर्वा खुडून आणल्या आणि दुपारी उंबऱ्याशी निवडत बसले. मांडीवर ती वाटी. दुर्वा निवडायच्या कशा, ते तुम्हाला ठाऊक आहेच. कोवळी पाती देवाला, आणि तुरा आलेली, दाणे धरलेली, मधेच आलेलं रानगवत, ते सगळं बाजूला टाकायचं. देवाला ते चालत नाही. माझ्या उजव्या हाताला त्याचा हा ढीग झाला होता.

तेवढ्यात बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतलेली एक मणेरीण दारात आली. आमच्या आळीत तिला आधी कधी पाहिली नव्हती. घामानं निथळत होती.

"पोरी, चाकणाची मोटार चुकली बघ माझी. वाईच पानी दे गं."

मी तांब्या दिला. ती टेकली, पाणी प्याली आणि वाटीत डोकावली. "आगं बया! ह्ये काय करतीस?"

"दूध पाजतेय, मावशी."

ती अशी हसली, की टोपलीतल्या बांगड्यासुद्धा किणकिणल्या. "दूध? आगं येडे, पाखराच्या मायला कधी थान असत्यात व्हय?"

मला रडूच फुटलं. रडत रडतच तिला त्या म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं, दूधवाला दाना, दुधातला दाणा. ती हसायची थांबली. माझ्याच टाकलेल्या ढिगातून तिनं एक हिरवा तुरा उचलला, तळव्यावर चोळला, फुंकर मारून भूस उडवलं आणि एक दाणा नखानं दाबला. त्यातून पांढरा चीक आला. अगदी दुधासारखा!

"ह्ये बघ. कनसात दूध भरतं म्हनत्यात न्हवं? त्यो त्योच म्हनला आसंल. शेरातली हाईस जनू?"

काय सांगू तुम्हाला! अंगावर सर्रकन काटा आला. इतके दिवस जे औषध मी शोधत होते, ते रोज पहाटे माझ्याच हातानं खुडून आणत होते, आणि देवाला चालत नाही म्हणून उकिरड्यावर फेकत होते.

"आता बघत काय बसलीस? चाव ते दाने. पार मऊ कर, थुंकीनं ऊन झालं पायजे. त्याची माय बी तसंच भरवती."

मी दाणे तोंडाजवळ नेले आणि हात थांबला. "मावशी, आज माझी संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

तिनं वाटीतल्या पिल्लाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमचाबी रोजा आसतो, पोरी. पर अंगावर पाजनाऱ्या आईला त्यात सूट हाय. ती आता तूच हाईस न्हवं ह्याची?"

मी देवळाकडे एकदा पाहिलं आणि दाणे तोंडात टाकले. चावले, मऊ केले, काडीच्या टोकावर घेऊन त्याच्या चोचीला लावले. काही नाही. पुन्हा लावले. आणि बाई गं, त्यानं मान उचलली! ती मान थरथरत वर आली, चोच उघडली, आणि आतून एवढासा आवाज निघाला, "ची!" मी ओरडलेच. ती मणेरीणसुद्धा ओरडली, "मागतंय, मागतंय बघ! दे, पर दमानं!" त्याच्या गळ्याची कातडी इतकी पातळ, की खाली उतरलेला हिरवट घास बाहेरून दिसत होता. आम्ही दोघी त्या एका घासाकडे बघून लहान पोरींसारख्या हसत होतो.

संध्याकाळी हे आले, तर पिल्लू चोच वासून घर डोक्यावर घेत होतं. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे दाणा खाल्लास तू, आणि उपास मोडला पाखराचा!" मग हसू आवरून म्हणाले, "चल, चंद्रोदय होईल, मोदक उकडायला ठेव."

त्या बाईला मी पुढे चाकणच्या बाजारात पुष्कळदा शोधलं. सापडली नाही. ती कोण होती, हा प्रश्न मी देवाला विचारत नाही. मोटार चुकलेली, तहानलेली एक मणेरीण होती, एवढं मला पुरतं. तिची मोटार चुकली नसती, तर माझं पाखरू जगलं नसतं.

एक मात्र त्या दिवशी कळलं. देवाला शरण जायचं म्हणजे कडक नेम धरून बसायचं, असंच मी समजत होते. नेम माझा, हट्ट माझा, दूधही माझ्याच समजुतीचं, आणि वर त्यालाच विचारणार, तू ऐकत का नाहीस? घट्ट धरलेला तो नेमसुद्धा एखाद्या वेळी त्याच्याच पायाशी ठेवावा लागतो. ठेवला, की हात मोकळा होतो, आणि मोकळ्या हातात तो काहीतरी घालतोच.

पिल्लाला पिसं फुटली, ते पिंजऱ्याच्या दांडीवर बसू लागलं. एका सकाळी मी नेहमीसारखी काडी पुढे केली, तर त्यानं मान फिरवली. पुन्हा केली, पुन्हा फिरवली. मग खाली उतरलं, स्वतःच एक राळ्याचा दाणा उचलला, चोचीत फिरवला, सोलला आणि गिळला! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी हसत होते. सोललेलं फोल उडून माझ्या तळहातावर पडलं. मी ते कपाळाला लावलं.