तीन नंबरचं बटण

मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ भांडत होते. थोरले आमचे हे, धाकटे माझे दीर. नुसता आवाज ऐकणाऱ्याला वाटलं असतं, घराची वाटणी चाललीय. भांडण होतं टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेवरून.

हे म्हणत होते, तू एकटा बटण दाबून उठून गेलास तर कुणाचं काय अडतंय, सगळी दुनिया हसतेय. भावजी म्हणाले, "हसू दे. मला हसणाऱ्यांत मोजू नका, आणि तूही मोजून घेऊ नकोस." त्यावर हे भडकले. मी समोर बसून बघतोय तरी बघत नाही असं खोटं नोंदवू का, म्हणाले.

"खोटं कशाला, दादा? ऊठ."

एवढं बोलायला भावजींना बराच वेळ लागला, कारण ते अडखळत बोलायचे. ते अडखळणं मी इथे लिहिणार नाही. टीव्हीवाल्यांनी तेवढंच लिहून पोटं भरलीत. मी ते काय बोलायचे ते लिहिते.

बटणाचं आधी सांगते. कोण काय बघतं ते मोजणाऱ्या एका कंपनीने आमच्या टीव्हीला डबा जोडला होता. सोबत रिमोटसारखं एक यंत्र, त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एक बटण. टीव्हीपुढे बसलं की दाबायचं, डब्यावर आपला दिवा लागायचा. उठलं की पुन्हा दाबायचं, दिवा जायचा. एक नंबर ह्यांचा, दोन माझा, तीन भावजींचा, चार-पाच मुलगा-सुनेचे, सहा नातीचा. डबा बसवणारा सांगून गेला, तुमचं एक घर म्हणजे हजारो घरं. तेव्हापासून हे टीव्हीपुढे असे ताठ बसायचे, जणू समोरून फोटो निघतोय.

भावजी चाव्या करायचे. बाजारात झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून त्यांची टपरी, भिंतीभर कोऱ्या चाव्या, हातात कानस. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. टीव्हीचं वेड मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त. विनोदी मालिका तर जीव की प्राण. एकदा हसता हसता चहा नाकात गेला, तर तो पुसत म्हणाले, वहिनी, हसवणं फार कष्टाचं काम आहे, म्हणून आळशी लोक आमच्यासारख्यांना पकडतात.

आणि खरंच तसंच होतं. लंगडा असला की तो कपटी, काळी असली की ती मोलकरीण. जाड बाईला बसायला खुर्ची देत नाहीत, मोडायला देतात. आठ वाजताच्या त्या मालिकेत एक वॉचमन होता. इमारतीत आग लागते आणि त्याला 'आग' म्हणता येत नाही. तो अडकलेला, सोफा जळतोय आणि मागून हशाचा आवाज. मीही हसले होते. सांगायला लाज वाटते, पण हसले.

मग नातीच्या शाळेत तो वॉचमन पोचला. पोर नऊ वर्षांची, तीही भावजींसारखीच बोलायची. मुलं तिला वॉचमन म्हणायला लागली. ती हजेरीला 'हजर' म्हणेना, नुसता हात वर करायची. दुकानात पाठवलं तर चिठ्ठी लिहून मागायची. घरातसुद्धा मान हलवून काम भागवायला लागली. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, शांत मुलगी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीचं तोंड आमच्या डोळ्यांदेखत बंद होत होतं आणि बाईंना ती शांत वाटत होती.

तेव्हापासून भावजी आठच्या ठोक्याला तीन नंबर दाबून उठायचे. टीव्ही कधी बंद केला नाही. तो अर्धा तास ते गिऱ्हाइकांच्या चाव्या पोचवायला जायचे. त्यांच्या मागोमाग नात उठायला लागली, मग मी. मुलगा-सून कामावरून उशिरा यायची, त्यामुळे हे एकटे राहिले हशात.

मध्यंतरी एका गंभीर मालिकेत अडखळणारी नायिका आली. शेवटच्या भागात कोर्टात साक्ष देताना तिची वाणी एकदम मोकळी झाली. कोर्टात टाळ्या, इकडे आमच्या डोळ्यांना पदर. भावजींनी हातातली कानस खाली ठेवली. इतकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बरी झाली म्हणून टाळ्या. झाली नसती तर साक्ष खोटी होती का?"

ते म्हणाले, एक अडखळणारा चावीवाला दाखवा ना. अडखळेल, चावी देईल, घरी जाईल, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. एवढं साधं यांना जमत नाही.

पुढे एका रविवारी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. तीन नंबर रोज आठला का बंद होतो, डबा बिघडलाय का, असं विचारत होती. ह्यांनी फोन आवाज मोठा करून भावजींच्या हातात दिला. भावजी सांगायला लागले, डबा ठीक आहे, मीच उठतो, त्या मालिकेत... आणि नेमके तिथे अडकले. पलीकडची मुलगी खळखळून हसली.

"अय्या, काका, वॉचमनची नक्कल काय मस्त करता."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भावजींनी तरी वाक्य सोडलं नाही, ते त्याच शब्दाशी झटत राहिले. तेवढ्यात नातीने फोन ओढून घेतला. तिलाही वेळ लागला. पहिला शब्द निघेना, कान लाल झाले, पण तिने फोन ठेवला नाही.

"ती नक्कल नाही. आम्ही दोघं असेच बोलतो. तुम्ही थांबा आणि ऐका."

पलीकडची मुलगी थांबली. भावजींनी आपलं वाक्य पुरं केलं, मालिकेच्या नावासकट. पलीकडून माफी आली, ती कशीबशीच होती.

मालिका बंद झाली नाही. पुढे दोन वर्षं चालली, बक्षीसही मिळालं तिला. माझा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये. पण दुसऱ्या दिवशी आठला हे उठले. कुणाकडे न बघता एक नंबर दाबला आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले. सकाळीही घातलं होतं. नात शाळेत 'हजर' म्हणायला लागली, कितीही वेळ लागो.

भावजी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळचं सांगते. छातीचं दुखणं होतं, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं होतं. आठ वाजले, वॉचमनचं संगीत सुरू झालं. एक, दोन, तीन, सहा असे आमचे चौघांचे दिवे गेले. भावजींनी खिशात एक बारीक चावी टाकली. समोरच्या इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंच्या कपाटाची. मी म्हटलं, राहू द्या, नातीला पाठवते. ते म्हणाले, "नको. ती दोनदा फिरवावी लागते, ते सांगायला हवं."

समोरचा जिना आणि व्हरांडा उघडेच होते, मी बाल्कनीतून बघत होते. प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबत ते वर गेले. नर्सबाईंनी दार उघडलं. भावजी सांगत राहिले, हाताने चावी फिरवून दाखवत, अडकत, पुन्हा सुरू करत. बाई दाराला हात लावून उभ्या होत्या, पुरं होईपर्यंत. मग ते खाली आले, रस्ता ओलांडला, चपला दारात काढल्या आणि साडेआठला तीन नंबर दाबून बातम्या बघायला बसले.